सहा दात आणि डावा आरसा

लायसनच्या ऑफिसातल्या तपासनिसाचे पुढचे दोन दात तुटले ते कामावर असताना आणि सगळे नियम पाळून तुटले. त्या दिवशी परीक्षेला बसलेले गृहस्थ निवृत्त ग्रंथपाल होते आणि एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकले होते. तपासनिसाने डॅशबोर्डवर थाप मारली की समोर माणूस आडवा आलाय असं समजून गाडी जागच्या जागी थांबवायची, हे उमेदवाराला आधीच सांगितलेलं असतं. ग्रंथपालांनी आयुष्यात कुणाचं सांगणं इतकं मनावर घेतलं नसेल. थाप पडली आणि गाडी खिळा ठोकल्यासारखी थांबली. तपासनिसाने पट्टा लावला होता, म्हणून धड जागेवर राहिलं. मान तेवढी पुढे गेली आणि हातातल्या पॅडचा लोखंडी चाप वरच्या दातांवर बसला.

त्याने रुमाल काढला, दोन तुकडे त्यात घेतले, रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "पुढे चला."

ग्रंथपाल पास झाले. 'अचानक थांबणे' या रकान्यात त्यांना दहापैकी दहा मिळाले.

हा तपासनीस बावीस वर्षं त्या एकाच ऑफिसात होता. वय त्रेपन्न. लोक त्याला पाठीमागे 'लाल पेन' म्हणत आणि ते त्याला माहीत होतं. त्याने सख्ख्या चुलतभावाला नापास केलं होतं, मोठ्या साहेबांच्या बायकोला दोनदा केलं होतं, आणि तिसऱ्यांदा ती पास झाली तेव्हा ती खरोखरच चांगली चालवत होती. तो फार कमी बोलायचा. बोललाच तर पॅड तोंडासमोर धरून. लोकांना वाटे, माणूस खडूस आहे. खरी गोष्ट अशी की लहानपणी दिलेल्या कुठल्याशा औषधाने त्याचे पुढचे दात तपकिरी पडले होते, आणि शाळेतल्या पहिल्या फोटोपासून त्याने जे तोंड मिटलं होतं ते गरजेपुरतंच उघडत होता.

तुटलेल्या दातांचं त्याला स्वतःला काही वाटलं नाही. पण 'स' उच्चारला की शिट्टी वाजू लागली. आता ड्रायव्हिंगच्या परीक्षेत 'स' टाळणार कसा? सरळ, सावकाश, सिग्नल, सगळी भाषाच त्या अक्षरावर उभी. "सरळ चला," असं त्याने एका बाईला सांगितलं तर तिने रीतसर इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली आणि शिट्टी मारणारा पोलीस शोधत बसली. तिचे गुण त्याने कापले नाहीत, चूक तिची नव्हती. मग त्याने शब्द बदलून पाहिले. "नाकासमोर चला," म्हटल्यावर एकाने विचारलं, "कुणाच्या?" "दिव्यापाशी थांबा," म्हटल्यावर दुसरा रस्त्यावरच्या प्रत्येक खांबापाशी थांबत गेला.

घरी मोठी बहीण होती. ताईने पस्तीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळला होता. यजमान गेल्यावर ती भावाकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून तिथे राउंड घेत होती.

"तोंडात कुकर ठेवल्यासारखा बोलतोस," ती म्हणाली. "उद्या चार वाजता डॉक्टरकडे जायचंय. मी नंबर लावलाय."

"मी काही बोललो का तुला?"

"बोलला असतास तर ऐकू आलं असतं."

दवाखाना चष्म्याच्या दुकानावर होता. दोन खोल्या, एक खुर्ची, खिडकीत एक कुंडी. डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या आतल्या. मास्कमुळे डोळे तेवढे दिसत होते. त्या डोळ्यांनी तपासनिसाकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं, मग दिवा खाली ओढला आणि कामाला लागल्या.

"मुळं शाबूत आहेत," तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या. "दातांवर कॉम्पोझिट व्हीनियर करता येईल. म्हणजे दाताच्या रंगाचा मऊ लेप असतो. तो थरावर थर द्यायचा, आकार द्यायचा आणि निळ्या दिव्याखाली कडक करायचा. दात फारसे घासावे लागत नाहीत. इंजेक्शनही बहुतेक नाही."

"टिकतं किती?"

"नीट वागलात तर पाच-सात वर्षं. पेन चावता?"

"नाही."

"नखं?"

"नाही."

"शब्द चावतो," ताई म्हणाली.

त्याला दोनच दात करायचे होते, तुटले तेवढेच. डॉक्टरांनी त्याच्या हातात आरसा दिला आणि दोन केले तर कसं दिसेल, सहा केले तर कसं दिसेल, ते समजावून सांगितलं. जुन्या शर्टाला नवी कॉलर लावल्यासारखं दिसेल, असं त्या दोनाबद्दल म्हणाल्या. त्याने आरशात पाहिलं. खूप वर्षांनी तो आपल्या दातांकडे असा बघत होता. मग म्हणाला, "सहा." शिट्टी वाजली.

रंग निवडायला त्याला खिडकीशी उभं केलं, कारण ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतात. दातांच्या नमुन्यांची एक पट्टी होती, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत. ताईने सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"हा त्यांच्या चेहऱ्यावर परका वाटेल," डॉक्टर म्हणाल्या. "शिवाय समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तक्रारी येतील."

त्याने शेवटून दुसरा निवडला. डॉक्टरांनी त्याच्या तीन घरं अलीकडचा काढला आणि ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली. त्याचं मत मग कुणी विचारलं नाही.

काम पुढच्या मंगळवारी झालं. त्याला खुर्चीत आडवं केलं, ओठ दोन्हीकडून ताणून धरणारी प्लास्टिकची चौकट तोंडात बसवली, कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या, आणि आता याच्या तोंडून एकही शब्द निघू शकत नाही अशी खात्री झाल्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मी तुमच्याकडे दोनदा नापास झालेय."

तपासनीस छताकडे बघत राहिला.

"दोन्ही वेळा गाडी मागे घेताना. डावा आरसा बघितला नाही म्हणून." त्यांनी दातांवर निळं जेल लावलं. "हे दाताला थोडं खरखरीत करतं, म्हणजे लेप धरून राहतो. झोंबलं तर हात वर करा."

त्याने हात वर केला नाही. झोंबत नव्हतं. त्याला एवढंच सांगायचं होतं की उमेदवारांचे चेहरे तो लक्षात ठेवत नाही, ठेवू नयेत असं त्याचं मत होतं. पण ते हाताने सांगण्यासारखं नव्हतं.

दोन तास गेले. जेल धुतलं, दात वाळवले, काहीतरी पातळ चोपडलं, मग लेपाचा पहिला थर, त्यावर निळा दिवा, मग दुसरा थर. डॉक्टर मध्येच मागे सरून, डोळे बारीक करून बघायच्या आणि पुन्हा वाकायच्या. तुटलेल्या दोन दातांना मागूनही आकार द्यायचा होता. त्यासाठी त्यांनी काडीवरचा छोटासा गोल आरसा आत धरला आणि सगळं काम त्या आरशात बघून केलं. आरशात डावं ते उजवं दिसतं, पुढचं ते मागे. त्यांचा हात मात्र एकदाही चुकीच्या बाजूला गेला नाही. तपासनिसाला हे त्यांच्या चष्म्याच्या भिंगात दिसत होतं. बावीस वर्षं माणसांचे हात आणि आरसे बघणं हेच त्याचं काम होतं, त्यामुळे त्याने ते बघितलं.

शेवटी लाल कागद चावायला देऊन कुठे टोचतंय का पाहिलं, कडा घासल्या, चकाकी आणली आणि त्याच्या हातात आरसा दिला.

त्याने एकेक दात बघितला. मग म्हणाला, "बरोबर आहे."

डॉक्टरांनी सोबत आलेल्या ताईकडे पाहिलं.

"याच्यापुढे त्याच्याकडे शब्द नाही," ताई म्हणाली. तिचा स्वर जरा बदलला होता. "आईसारखा दिसतोयस रे."

घरी गेल्यावर तो न्हाणीघरात आरशासमोर उभा राहून "सरळ, सावकाश, सिग्नल" म्हणत राहिला. ताईने दारावर टकटक करून कुणी आलंय का विचारलं, तेव्हा बाहेर आला.

ऑफिसात फरक पडला, पण लोकांना वाटला तसा नाही. तपासनीस काही हसतमुख वगैरे झाला नाही. तो बोलायला लागला. पूर्वी नापास झालेल्या माणसाला नुसता कागद मिळायचा. आता कागद मिळायचा आणि वर पंधरा मिनिटं खुलासा. क्लच केव्हा सोडायचा, वळणावर नजर कुठे असावी, घाई कुठून सुरू होते. बरेच जण खाजगीत म्हणत, पहिलंच बरं होतं.

आठवड्याने चकाकीचा शेवटचा हात मारून घ्यायला तो दवाखान्यात गेला. या वेळी चौकट नव्हती.

"डॉक्टर," तो म्हणाला, "माझ्या दातांच्या मागचं काम तुम्ही आरशात बघून केलंत."

"सगळेच तसं करतात."

"मग गाडीचा आरसा का चालत नाही?"

त्यांनी मास्क खाली ओढला. "आरशात पाहिलं की मला वाटतं मी उलटीकडे वळतेय. म्हणून मान वळवते. मानेवर माझा विश्वास आहे."

"दातात नाही वाटत तसं?"

"तिथे सवय झालीय."

"किती दिवसांत झाली?"

"दोन वर्षं रडत होते," डॉक्टर म्हणाल्या आणि मास्क वर घेतला. "तोंड उघडा."

पंधरा दिवसांनी गुरुवारच्या यादीत डॉक्टरांचं नाव आलं. तपासनीस यादी घेऊन मोठ्या साहेबांकडे गेला.

"या उमेदवाराची परीक्षा मी घेऊ शकत नाही. आमचा संबंध आहे."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. त्यांची बायको दोनदा नापास झाल्यापासून ते याच्याशी जपून बोलत. "कसला संबंध?"

"दातांचा."

साहेबांनी ड्रॉवरमधून नियमावली काढली. त्यात रक्ताचं नातं होतं, लग्नाचं होतं, भागीदारी होती. दातांचं काही नव्हतं.

"फुकट केले का त्यांनी?"

"नाही. पूर्ण पैसे घेतले."

"मग संबंध संपला."

"मी त्यांना डाव्या आरशाबद्दलही बोललोय."

"ते तुम्ही अख्ख्या गावाला बोलता," साहेब म्हणाले. "घ्या परीक्षा."

गुरुवारी डॉक्टर वेळेआधी दहा मिनिटं आल्या. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. गाडी सुरू झाली, गिअर नीट पडले, वळणं नीट घेतली. मग दोन खांबांच्या मध्ये गाडी मागे घ्यायची वेळ आली. डॉक्टर क्षणभर थांबल्या. एकदा मान वळवून रस्ता मोकळा आहे का बघून घेतलं, मग डाव्या आरशात नजर टाकली आणि स्टिअरिंग असं काही हलकं फिरवलं की गाडी कडेपासून वीतभर अंतर राखून आत जाऊन बसली. तपासनिसाने पॅडवर त्या रकान्यात लिहिलं: उत्तम. बावीस वर्षांत त्याने तो शब्द लिहिला नव्हता. 'त्त' लिहिताना पेन अडखळलं.

आता परत ऑफिसात जायचं तेवढं राहिलं होतं. वाटेत छोटासा चढ होता. त्या चढावर एक बाई फोनवर बोलत बोलत फूटपाथवरून खाली उतरली, थेट गाडीसमोर. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. अगदी वेळेवर आणि हवा तितकाच. गाडी थांबली, बाई फोनवर बोलतच पलीकडे गेली. तपासनिसाची मान पुढे गेली आणि त्याचे दात एकमेकांवर आपटून 'टक' असा आवाज आला.

डॉक्टरांनी गिअर न्यूट्रलमध्ये टाकला, वळल्या आणि म्हणाल्या, "आ करा."

आणि त्याने आ केला. खुर्चीतल्या सवयीने केला, विचार करून नाही. डॉक्टर पुढे झुकल्या, अंगठ्याने वरच्या दातांच्या कडा एकेक करून चाचपल्या. झुकताना त्यांचा पाय ब्रेकवरून उचलला गेला. हँडब्रेक लावलेला नव्हता. गाडी सावकाश मागे निघाली. मागे पावाची व्हॅन उभी होती, तिने भोंगा वाजवला. तपासनिसाने तोंड तसंच उघडं ठेवून हँडब्रेक ओढला.

परीक्षेत तपासनिसाचा हात ब्रेकला लागला की उमेदवार नापास. याला अपवाद नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

"काही झालं नाहीये," डॉक्टर हात मागे घेत म्हणाल्या. "दात शाबूत आहेत."

"तुम्ही नापास आहात."

"कळलं."

ऑफिसात येऊन त्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'चढावर, हँडब्रेक न लावता, उमेदवार तपासनिसाचे दात तपासत होत्या.' मोठ्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "नुसतं हँडब्रेक लिहा. वर कुणीतरी वाचतं."

ताईला हे कळलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"तिने काळजीने तुझे दात बघितले आणि तू तिला नापास केलंस."

"गाडी मागे जात होती, ताई."

"किती?"

"हातभर."

"हातभर," ताई म्हणाली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती बातमी द्यायलाच. ती दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टरांना गाडी कशाला हवी होती, ते तिने विचारलं होतं. गावाबाहेर एक वृद्धाश्रम होता. डॉक्टर दर शुक्रवारी तिथे जाऊन म्हाताऱ्यांचे दात बघत. हत्यारांची पिशवी आणि दात साफ करायच्या मशिनची पेटी घेऊन, दोन बस बदलून. पेटी अकरा किलोची होती.

"या शुक्रवारी मी जातेय तिच्याबरोबर," ताई म्हणाली. "नर्स आहे मी. पिशवी मी घेईन. पेटी मला उचलायची नाही, माझी कंबर गेलेली आहे."

एवढं बोलून ती थांबली. तपासनिसाने शुक्रवारची अर्धी रजा टाकली.

पेटी चौकोनी होती आणि तिची मूठ बोटांत रुतत होती. पहिल्या बसमध्ये ती मांडीवर घेता आली. दुसऱ्या बसमध्ये बसायला जागा नव्हती. तो दांडीला लटकून, पेटी दोन पायांत धरून उभा होता आणि डॉक्टर पलीकडे उभ्या होत्या. पाऊण तासाचा रस्ता होता. नापास केलं ते बरोबरच होतं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पेटी जड आहे, याबद्दलही नव्हती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्याला त्या बसमध्ये चांगलंच जाणवलं. कुठल्याच फॉर्मवर ते लिहायला जागा नव्हती.

वृद्धाश्रमात एकवीस जण होते. एक आजोबा कवळी खिशात ठेवून फिरत. एका आजींना फक्त गप्पा मारायच्या होत्या, दात त्यांना नव्हतेच. डॉक्टर प्रत्येकासमोर तेवढ्याच सावकाशीने वाकत होत्या. ताईने पहिल्या दहा मिनिटांत रांग लावली. तपासनिसाला पाण्याचे पेले भरायचं काम मिळालं. कवळीवाल्या आजोबांनी त्याच्या दातांकडे रोखून बघत विचारलं, "खरे का?"

"खाली खरे आहेत," तो म्हणाला. "वर काम केलंय."

"छान केलंय. कुणी?"

त्याने बोट दाखवलं.

नापास झालेल्याला तीस दिवस पुन्हा अर्ज करता येत नाही. त्या तीस दिवसांत चार शुक्रवार आले आणि चारही शुक्रवारी पेटी त्याने उचलली. एकतिसाव्या दिवशी डॉक्टरांनी अर्ज भरला, आणि तो पुन्हा मोठ्या साहेबांकडे गेला.

"आता संबंध आहे," तो म्हणाला. "मी त्यांची पेटी उचलतो."

"किती दिवस?"

"महिना झाला."

साहेब विचारात पडले. नियमावली त्यांनी या वेळी उघडली नाही. शेजारच्या गावातल्या तपासनिसाला बोलवून घेतलं. तो तरुण होता, भरभर बोलायचा आणि परीक्षा घेताना खोकल्याची गोळी चघळायचा. त्या दिवशी आमचा तपासनीस आपल्या टेबलाशी बसून फायली लावत होता. पंचवीस मिनिटं त्याने एकच फाईल लावली.

डॉक्टर पास झाल्या. शेरा होता: 'गाडी मागे घेताना विशेष कौशल्य.' त्याने तो शेरा वाचला, शिक्का मारला आणि कागद खिडकीतून त्यांच्या हातात दिला.

"अभिनंदन," तो म्हणाला. "चढावर लक्ष ठेवा."

"दातांवर ठेवा तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "सहा महिन्यांनी दाखवायला या."

पुढच्या शुक्रवारी दारात गाडी आली. ती जुनी होती, एका दाराचा रंग वेगळा होता. ताई विचारल्याशिवाय पुढे बसली. तपासनीस मागे बसला, पेटी शेजारच्या सीटवर ठेवून तिलाही पट्टा लावला. गाडीत मागच्या सीटवर बसण्याची वेळ त्याच्यावर कित्येक वर्षांत आली नव्हती. तिथून त्याला डॉक्टरांचा खांदा, ताईचं डोकं आणि रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. एका वळणावर इंडिकेटर जरा उशिरा लागला. तो काही बोलला नाही. आपल्याला ते जमतंय, हे पाहून त्याचं त्यालाच बरं वाटलं.

परत येताना ताई सगळा वेळ डॉक्टरांच्या पायांकडे बघत होती. मधलं पेडल कशाचं, डावं कशाचं, दोन्ही एकदम दाबली तर काय होतं, असं विचारत होती. जिना चढून घरात आल्यावर ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "चौसष्ट म्हणजे काही वय नाही. मी शिकणार आहे."

"शिक," तो म्हणाला. "पण परीक्षेचा अर्ज शेजारच्या गावी कर."

"का?"

"इथे मी आहे."

"म्हणूनच इथे करणार," ताई म्हणाली. "तिकडे जायला दोन बस लागतात."

सोमवारी सकाळी त्याच्या टेबलावर पहिलाच अर्ज ताईचा होता. 'नातेवाईक कार्यालयात आहे का' या प्रश्नापुढे तिने 'नाही' लिहिलं होतं. त्याने लाल पेन काढलं, ते खोडलं, 'आहे' लिहिलं, आणि अर्ज घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीकडे निघाला. साहेबांनी त्याला काचेतून येताना पाहिलं आणि नियमावलीचं ड्रॉवर आपण होऊनच उघडलं.